जोडजांभळीचा थांबा

सुनंदाकाकीचं बोलणं संपलं की हाताजवळ जे असेल त्यावर ती दोन टिचक्या मारायची. दाराची चौकट, पाण्याचं पिंप, स्टीलचा पेला, काहीही. टक टक. मग वळून चालू लागायची, समोरच्याचं बोलणं अर्धवट राहिलं तरी. एसटीत कंडक्टरने दोनदा घंटी दिली की ड्रायव्हर गाडी सोडतो. ती सवय तिच्या बोटांत उतरली होती. आमच्या वाडीत याचा कुणाला राग यायचा नाही. विहारातल्या बैठकीत एखादा विषय लांबायला लागला की मागून टक टक ऐकू यायचं आणि सगळे हसत उठायचे.

मी तिच्याबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण तिची सगळी माहिती माझ्याकडे नाही. काका गेल्यावर ती एसटीत कशी लागली, मुलीला कसं वाढवलं, हे मी आईकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलंय, आणि आई दर वेळी थोडं वेगळं सांगते. म्हणून मी पाहिलेलंच लिहिते. शिवाय आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. लिहिलेलं कुणाला दाखवून विचारावं, असं घरात कुणी नाही. चुकलं तर समजून घ्या.

काकी बसायची नाही. आमच्याकडे आली की आई पाट सरकवायची, आणि काकी भिंतीला कंबर टेकून, एक पाय किंचित पुढे टाकून उभी राहायची. चहा तसाच, जेवणही पुष्कळदा तसंच. आयुष्य हलणाऱ्या गाडीत उभ्याने गेल्यामुळे स्थिर जमिनीवर तिला बसवत नसावं. तिच्या आवाजाला शेवटच्या सीटपर्यंत पोचायची सवय होती, त्यामुळे तिचं कुजबुजणं शेजारच्या घरात ऐकू जायचं. आणि तिच्या पिशवीत कायम एक लोखंडी पंच असायचा. पूर्वीच्या कागदी तिकिटांना भोक पाडायचा तो. तिकिटाची मशीन आली तरी हा पंच तिच्याकडे कसा राहिला, असं कुणी विचारलं की टक टक व्हायचं.

आमचा रस्ता रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारा. पालीचा बाजार सोडला की थांब्यांना गावांची नावं कमी आणि झाडांची जास्त. चिंच, बेहडा, पिंपळपार, आणि आमची जोडजांभळी. दोन जांभळी इतक्या जवळ वाढलेल्या, की वरचा पसारा एकच वाटायचा. त्यांच्या सावलीत आमच्या बौद्धवाडीतली आणि पलीकडच्या कुणबीवाडीतली, अशी दोन्हीकडची माणसं गाडीची वाट बघत उभी असायची. इतर ठिकाणी कोण कुठे बसतं हे जुनी माणसं अजून बघतात. जांभळीखाली तसं व्हायचं नाही. सावली जिथे पडेल तिथे सरकावं लागायचं, आणि सावली काही वाडी विचारत नव्हती.

रस्ता चौपदरी करायला निघाला तेव्हा मी नववीत होते. जांभळी एका दिवसात गेल्या. आम्ही शाळेतून परत आलो तर रस्त्याकडेला नुसतं आभाळ होतं. इतकं आभाळ तिथे कधी पाहिलं नव्हतं, म्हणून आम्ही मुली थोडा वेळ तशाच उभ्या राहिलो.

काकी तेव्हा नोकरीत होती. त्याच आठवड्यातली एक गोष्ट ती सांगायची. मुंबईत जन्म काढून गावी परतणारे एक म्हातारे गृहस्थ तिच्या गाडीत होते. तिने नेहमीसारखं ओरडून सांगितलं, जोडजांभळी. म्हातारे खिडकीतून बघत राहिले, पण उठेनात. थांबा आला, उतरा, असं तिने सांगितलं तर म्हणाले, माझी चेष्टा करू नका बाई, मला माझं गाव कळतं, अजून आलं नाही. मागचे उतारू ओरडायला लागले. शेवटी काकी स्वतः खाली उतरली, त्यांची पिशवी घेतली, आणि ताज्या कापलेल्या बुंध्यापाशी त्यांना नेऊन उभं केलं. म्हाताऱ्यांनी बुंध्याला हात लावून पाहिला आणि मग गपचूप वाडीची वाट धरली. ही गोष्ट सांगताना ऐकणारे हसायचे. काकी हसायची नाही. "मी खोटा थांबा पुकारला असा वाटला मला," एवढंच म्हणायची.

झाड गेल्याचं खरं नुकसान आम्हाला नंतर कळलं. नऊच्या सुमाराला कॉलेजची गाडी असते, पण ती कधी वेळेवर येत नाही, आणि रुंद झालेलं डांबर सकाळीच तापतं. उन्हात कोण उभं राहणार? माणसं लांब, ओढ्यावरच्या मोरीच्या भिंतीच्या सावलीला जाऊन थांबायची. रिकाम्या रस्त्यावर गाडी जोरात येते. थांब्यावर कुणी दिसलं नाही तर ड्रायव्हर ब्रेक लावत नाही. आम्ही मोरीपासून धावत येईपर्यंत गाडीची मागची पाटी वाचायला मिळायची. माझ्यापुढची वाडीतली एक मुलगी पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून घरी बसली. हुशार होती. कारण विचारलं की तिची आई सांगायची, गाडी थांबत नाही. माझी आई ते ऐकायची आणि माझ्याकडे बघायची. बोलायची नाही, पण मला ते बघणं कळायचं.

काकी निवृत्त होऊन घरी आली ती हे सगळं ऐकत. दुसऱ्या दिवशी ती थांब्यावर जाऊन नुसती उभी राहिली, सकाळभर. गाड्या तिच्यासमोरून गेल्या. दुपारी येऊन आईला म्हणाली, थांबा म्हणजे पाटी नव्हे गो, थांबा म्हणजे माणसा उभी राहतात ती जागा. माणसा उभी राहायला झाड पायजे.

मग ती आम्हा दोघी-तिघींना घेऊन रस्त्याच्या कामाच्या ऑफिसात गेली. ऑफिस म्हणजे एक लोखंडी डबा, आत पंखा. तिथला इंजिनिअर तरुण होता आणि बोलायला चांगला होता. त्याने खुर्च्या पुढे केल्या. काकी टेबलाला कंबर टेकून उभी राहिली. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात झाडं लावली आहेत, असं त्याने सांगितलं. मात्र ती दुसऱ्या तालुक्यात, सरकारी जमिनीवर.

"म्हंजे उतारू इथं उभा," काकी म्हणाली, "आणि सावली तिकडं?"

तो हसला. मग त्याचं हसू गेलं. मधल्या दुभाजकावर फुलझाडं लावली आहेत, टँकरने पाणी घालतो, असं तो म्हणाला. काकी म्हणाली, ती फुलं गाडीत बसलेल्यांना. गाडी मिळाली नाही त्यांचं काय? त्यावर त्याने आम्हाला बाहेर नेलं आणि रस्त्याच्या हद्दीचा दगड दाखवला. दगडाच्या आत लावलेलं झाड उद्या सर्व्हिस रोड आला तर पुन्हा जाईल, लावायचं तर दगडाच्या बाहेर लावा, असं त्याने स्वच्छ सांगितलं. काकीने त्या दगडावरच टक टक केलं.

दगडाच्या बाहेरची पट्टी कुणबीवाडीतल्या तात्यांची होती. तात्यांची अर्धी बाग रस्त्यात गेली होती. हापूसची जुनी कलमं, त्यांच्या वडिलांनी लावलेली. तेव्हापासून त्यांना रस्त्याबद्दल काहीही बोललेलं सहन व्हायचं नाही. रस्त्याकडेला झाड लावायला जागा द्या म्हटल्यावर ते खेकसले, रस्त्याने माझं काय ठेवलंय? इथे काकीने एक चूक केली. आता विचार केला की वाटतं, ती चूक आमच्या रत्नागिरीच्याच माणसाच्या हातून होऊ शकते. आमच्याकडे कुणाला काही चांगलं द्यायचं म्हटलं की हापूसशिवाय दुसरं काही सुचत नाही. तात्यांची कलमं गेली, तर त्यांच्या पट्टीत एक कलमच लावू, असं तिने सुचवलं. त्यांना कलम परत मिळेल आणि थांब्याला झाड. तात्या लगेच तयार झाले.

कलम आणायला काकी एकटी रोपवाटिकेत गेली. पिशवीत वाढवलेलं, चांगलं उंच कलम घेऊन आली, तेही एसटीने. त्या गाडीतल्या लोकांनी नंतर सांगितलं, कलम खिडकीजवळच्या सीटवर बसलं होतं आणि बाई शेजारी उभी. दोन्ही वाड्यांतली माणसं लावायला जमली. तात्यांनी नारळ फोडला. आम्ही मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, काम झालं.

कलम जगलं. पुढच्या काही हिवाळ्यांत अंगही धरलं. मग एका थंडीत त्याला मोहर आला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्याभोवती जाळी आली. जाळीच्या बाहेर करवंदीच्या काट्या. तात्या खुर्ची टाकून पहाऱ्याला बसायला लागले. कलमाला टेकलं की ओरड, सावलीत दप्तर ठेवलं की ओरड. सावली जेमतेम एका माणसापुरती होती, आणि तो माणूस म्हणजे तात्या. शाळेच्या मुलांनी कैऱ्यांना दगड मारले, तात्या काठी घेऊन धावले, कुणबीवाडीतल्याच एका पोराच्या आईशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. तिकडे आम्ही पुन्हा मोरीच्या भिंतीला. मी तेव्हा बारावी होऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला होते, आणि आठवड्यातून एक-दोन गाड्या चुकायच्याच. एकदा परीक्षेची गाडीसुद्धा चुकली. एका टेम्पोवाल्याने सोडलं म्हणून पेपर मिळाला. त्या दिवशी आईने पहिल्यांदा तोंडाने विचारलं, तुझं पण तसंच होणार काय गो?

हे काकीला कळलं. ती येऊन जाळीसमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं तात्यांशी भांडेल. ती म्हणाली, "चुकला माझा. हापूसला मालक लागतो. जांभळाचा मालक कोण ता कधी कोणी विचारला काय?"

दुसऱ्या दिवसापासून तिने जे सुरू केलं ते बघायला सुरुवातीला मला लाज वाटली. काकांची मोठी काळी छत्री घेऊन ती सकाळी थांब्यावर यायची. जिथे जांभळी होत्या, अगदी त्याच जागी, रस्त्याच्या कडेला छत्री उघडून उभी राहायची. निरभ्र आकाश, उन्हाचे दिवस. जाणारे-येणारे हसायचे. वाडीतल्या बायका विचारायच्या, सुनंदे, पाऊस खुठं हाय? ती म्हणायची, झाड खुठं हाय ता आधी सांगा. पण ड्रायव्हरला लांबून काळी छत्री दिसायची आणि गाडीचा वेग कमी व्हायचा. आम्ही एकेक करत मोरीपासून तिच्याजवळ सरकलो. छत्री मोठी असली तरी किती मोठी असणार? कुणाचं डोकं आत, कुणाचं दप्तर आत. ती दांडा हळूहळू फिरवत ऊन लागेल त्याच्यावर सावली न्यायची. डेपोत त्या थांब्याला ड्रायव्हर 'छत्री' म्हणायला लागले. काकीला ते आवडलं नाही. प्रत्येक ड्रायव्हरला ती खिडकीशी जाऊन सांगायची, जोडजांभळी म्हणायचा.

तात्या हे सगळं खुर्चीतून बघत होते. एक दिवस त्यांनाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे रत्नागिरीला जायचं होतं. गाडीला उशीर झाला. ऊन चढलं. त्यांची खुर्ची कलमाच्या सावलीत होती, पण तिथून गाडी दिसत नव्हती, आणि गाडीला ते दिसले नसते. शेवटी उठले आणि आमच्यात येऊन उभे राहिले. काकीने छत्री त्यांच्या बाजूला झुकवली. तिचा स्वतःचा खांदा उन्हात आला.

थोड्या वेळाने तात्या रस्त्याकडेच बघत म्हणाले, "किती दिवस उभी राहनार हायस अशी?"

"जांभूळ मोठा होईतो."

"खुठं हाय जांभूळ? लावलेलाच नाय."

"म्हनून तर उभी हाय."

"लावलास तरी सावली यायला जन्म जाईल. तवर तू मरशील."

"मग दुसरी कोन तरी उभी राहील," काकी म्हणाली. "छत्री काय मरत नाय."

आम्ही मुली हसलो. तात्याही हसले असावेत, पण त्यांनी तोंड फिरवलं होतं. गाडी आली. काकीने त्यांना आधी चढवलं आणि पत्र्यावर टक टक केलं.

दोन दिवसांनी बघतो तर कुंपण आत सरकलेलं. जाळी कलमाच्या अंगाला चिकटवून घेतली होती, आणि दगडाच्या बाहेरची बाकीची पट्टी मोकळी. तात्या कुदळ घेऊन उभे. जांभळाची फांदी माझ्या कलमावर आली तर छाटीन, असं त्यांनी दम देऊन सांगितलं. काकी म्हणाली, छाटा की, आधी छाटण्याएवढा होऊ दे.

रोप मात्र तिने रोपवाटिकेतून आणलं नाही. थांब्यापासून आमच्या वाडीपर्यंतची पायवाट आहे, तिच्या दोन्ही कडांना जांभळाची पोरकी रोपं उगवलेली असतात. मी लहानपणापासून ती पाहत आले होते, पण ती तिथे कशी आली याचा विचार केला नव्हता. काकीने सांगितलं. शाळेतून येताना आम्ही जोडजांभळीखालची जांभळं ओंजळीत भरायचो आणि घरापर्यंत बिया थुंकत यायचो. आमच्याआधीच्या मुलांनी तेच केलं असेल. झाडं तोडली, पण त्यांची पोरं वाटेवर उभी होती. पावसाळ्यात तिने त्यातलं एक कमरेएवढं रोप निवडलं, मुळाभोवतीचा मातीचा गोळा फुटू न देता काढलं आणि जुन्या साडीत बांधून चढावरून आणलं. कातळाची जागा, तात्यांनी पहारीने फोडून आधीच मोठा खड्डा केला होता. ते रोप कुणाच्या तोंडातल्या बीचं हे सांगता येणार नाही. माझंही असू शकेल.

लावून झाल्यावर काकीने पिशवीतून पंच काढला आणि खालच्या एका जून पानाला भोक पाडलं.

"तिकीट काढला," ती झाडाला म्हणाली. "आता मदे उतरायचा नाय."

पावसाळा संपल्यावर पाण्याचा प्रश्न आला. त्यासाठी तिने एक नियम केला. परतीच्या गाडीतून उतरणाऱ्याने बाटलीत उरलेलं पाणी घरी न्यायचं नाही, सगळं जांभळाला घालायचं. कुणी विसरून पुढे गेलं की तिचा शेवटच्या सीटपर्यंत जाणारा आवाज यायचा आणि तो माणूस मुकाट्याने परत यायचा. हळूहळू सांगावं लागेनासं झालं. मी वर्गात कितीही तहान लागली तरी बाटलीत थोडं पाणी राखायला शिकले. आमच्या वाडीच्या, कुणबीवाडीच्या, बाजारातून येणाऱ्या, सगळ्यांच्या बाटल्या तिथे रिकाम्या व्हायच्या. एकदा बघते तर चार पावलांवर दुसरं जांभळाचं रोप. त्याचा खड्डाही पहारीने फोडलेला. काकीने तात्यांकडे पाहिलं. तात्या कलमाची पानं निरखत होते. "नाव जोडजांभळी ना?" ते म्हणाले. "येकटा बरा दिसत नाय."

पहिला उन्हाळा दोन्ही रोपांनी काढला. भोक पाडलेलं पान गळून गेलं तेव्हा काकीने नवं पान धरून त्याला भोक पाडलं आणि पास संपला होता, नवा काढला, असं आम्हाला सांगितलं.

पण तिचे गुडघे गेले होते. इतकी वर्षं उभ्याने, आणि वर ही छत्री. मुलगी कल्याणला असते. तिने ऑपरेशनचं ठरवलं आणि आईला काही महिने आपल्याकडेच ठेवायचं ठरवलं. काकीने पावसाळ्यानंतर बघू, दिवाळीनंतर बघू असं करून पाहिलं, पण शेवटी चढ चढताना तिला मध्येच थांबावं लागायला लागलं.

जाण्याच्या दिवशी रेल्वे गाठायची म्हणून ती पहिल्या गाडीला आली. मी पिशव्या घेऊन सोबत होते. तिने दोन्ही जांभळांची माती चाचपली, एका पानाला हळूच पंच केला, दुसऱ्यालाही केला. तात्या टोपी हातात घेऊन उभे होते. फांदी अजून कलमापर्यंत आली नाय, एवढं म्हणाले.

गाडी लांबून आली. छत्री मिटलेली, माझ्या काखेत होती. मी ती उघडायला विसरले आणि घाबरून काकीकडे पाहिलं. पण आम्ही तिघं त्या दोन रोपांपाशी उभे होतो, आणि गाडीचा वेग कमी झाला. कंडक्टर एक तरुण मुलगी होती. तिने दार उघडून ओरडून सांगितलं, जोडजांभळी. काकीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग दांडीला धरून, एकेक पायरी थांबत वर चढली.

दाराजवळची सीट रिकामी होती. काकी बसली. मी तिला बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बसल्यावर ती खूप लहान दिसत होती. मी खिडकीतून छत्री पुढे केली. तिने ती परत माझ्याकडे ढकलली आणि खिडकीच्या पत्र्यावर दोन टिचक्या मारल्या. त्या मुलीने घंटी द्यायच्या आतच ड्रायव्हरने गाडी सोडली.

तात्या कलमाकडे गेले. ऊन वर यायला लागलं होतं. कॉलेजची गाडी अजून यायची होती, आणि पायवाटेने अकरावीच्या मुली चढून येताना दिसत होत्या. जांभूळ माझ्या खांद्याला लागत होतं. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि छत्री उघडली.